बरणीवरची चिठ्ठी

नको, त्या बरणीच्या तोंडावरचा दादरा सोडू नकोस, हेमांगी – संस्थेने तुला चिठ्ठ्या लावायला पाठवलंय ना, मग लाव की – पलंगाला लाव, रेडिओला लाव, त्या अर्ध्या विणलेल्या टोपीला लाव. आई ब्याण्णव साली गेली तेव्हा जे जिथे होतं ते आजही तिथेच. दादाची हौस – लक्ष्मीकांत, माझा मोठा भाऊ, पुण्याला असतो, दिवाळीचे चार दिवस येतो – नई सडकेवरचं आमचं घर संग्रहालयासारखं जसंच्या तसं लोकांना दिसावं म्हणतो. दिसू दे बाबा. पलंग आईचा, म्हणून मी इतकी वर्षं खाली गादी टाकते. गुडघे बोलतात आता, पण सांगायचं कुणाला?

काय लिहिलंस? ‘आईच्या हातचं शेवटचं लोणचं’. दादानेच सांगितलं असेल. दिवाळीला आला की पाणीसुद्धा न पिता आधी दादरा सोडतो, एक फोड तोंडात टाकतो आणि रडतो – बहात्तर वर्षांचा माणूस, हमसून हमसून. हसतेस का? एक बरणी इतकी वर्षं पुरली कशी, हेच ना? दादाच्या नाही कधी डोक्यात आलं. अगं, आईचं लोणचं तिच्या वर्षश्राद्धाआधीच संपलं – मीच संपवलं, वरणभाताबरोबर. मग दिवाळीला दादा येणार म्हणून घाबरून उन्हाळ्यातच नवीन घातलं, आणि घरात होतं काय, तर शेजारच्यांनी दिलेलं सरसोंचं, म्हणजे मोहरीचं तेल. आईने जन्मात ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं – ते इकडच्या उत्तरेतल्या लोकांचं, म्हणायची, आपण दक्षिणेकडचे, आपल्याला शेंगदाण्याचंच. मला वाटलं, आता पकडले जाणार. दादाने फोड खाल्ली, डोळे मिटले. म्हणाला, “हीच गं इंदू, हीच आईची चव.”

तेव्हापासून दर उन्हाळ्यात सरसोंचंच. कैऱ्या आणा, फोडा, पंचेचाळीसच्या गर्मीत गच्चीवर चढा-उतरा – थकले गं मी. इंदूच्या हाताला चव आहे, असं कुणी एकदा म्हणालं नाही, आणि म्हणणार तरी कसं? यंदा लोणचं घातलंच नाही. ती बरणी कोरडी आहे बेटा, आणि दिवाळी पंधरा दिवसांवर.

काय करतेस? माझं नाव? नको – खोड ते, आधी खोड. माझं लिहिलंस तर दादाची आई पुन्हा जाईल, आणि तेव्हाही त्याला धरायला मीच लागेन. आईचंच राहू दे. ते तुमचं काचेचं कपाट आहे ना, त्यात ठेव बरणी, कुलूप घाल. दादाने विचारलं तर सांग, नियम आहे, उघडता येत नाही. आणि किल्ली इथे ठेवू नकोस – मला दया येईल त्याची, आणि मी परत घालत बसेन. घेऊन जा. हो, आत्ताच. जा.