तीन पक्ष्यांचा बिल्ला

१९४३चा मार्च, युद्धाचे दिवस. पावाच्या रांगेत वाल्बुर्गा उभी होती. पुढे थेक्ला आणि इर्मगार्ड, भिंतीला भिंत लागलेल्या शेजारणी, बोलत होत्या. वाल्बुर्गाचे कान तिकडेच लागले.

“आमच्या एकार्डला ग्लायडरचा, त्या बिनइंजिनाच्या विमानाचा, बिल्ला मिळाल्याचं कळलं ना, थेक्ला?”

“कळलं की. तीन पक्ष्यांचा बिल्ला छातीवर लावून तीनदा गेला आमच्या दारावरून.”

“जळतेस होय गं?”

“जळू नको तर काय करू, इर्मगार्ड? माझा ऑर्टविन दोन वर्षं टेकडीवर दुसऱ्यांची ग्लायडरं उडवायला नुसता दोर ओढतोय. तुझा आला काय, उडाला काय!”

“ऑर्टविनला चष्मा आहे, म्हणून उडू देत नाहीत. त्याला मी काय करू?”

“ग्लायडर शिकवणाऱ्या मास्तरांना हॅम पाठवायचं तेवढं केलंसच की!”

रांग पुढे सरकली.

“तुझा चेहरा का उतरलाय गं, इर्मगार्ड?”

“काल पत्र आलं. बिल्लेवाल्यांना सोमवारी विमानदलात हजर व्हायचंय. एकार्ड अजून सतराचा आहे गं. ऑर्टविनला आलं का?”

“नाही.”

“म्हणजे सोमवारनंतरच्या रविवारीही ऑर्टविन घरी जेवेल?”

“जेवेल.”

“त्याच्या पुढच्याही?”

“हो गं.”

“मग खिडकी लावून घेत जा, थेक्ला. त्याचं हसणं मला ऐकवणार नाही.”