काच फुटलेली पेटी

सासरे : हं. अठ्ठावीस गेजचा पातळ पत्रा. याचा धड डबासुद्धा व्हायचा नाही. पुढची दाखवा.

दुकानदार : काका, ही सातवी. आणि जरा हळू ठोका हो, माल अजून माझाच आहे.

सून : ठोकू द्या त्यांना. माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं लोखंडी कपाटं बनवलीत. पत्र्याशी ते असेच बोलतात.

(कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान. भिंतीशी कॉम्प्युटरचे भाग बसवायच्या रिकाम्या पेट्यांची चळत, आणि तिच्यापुढे एक म्हातारबुवा, बोटाची पेरं लाल होईस्तोवर एकेका पेटीची परीक्षा घेताहेत.)

सासरे : सूनबाई, माझी जाहिरात पुरे. ही बघ. हिच्या तोंडाला जाळी कशाला?

दुकानदार : आत हवा खेळायला, काका. कॉम्प्युटर तापतो ना!

सासरे : असं होय! मला वाटलं, दूध ठेवायचंय. मांजरापासून जपून.

सून : बाबा!

सासरे : आणि त्या पलीकडच्या काचेच्या? आतलं सगळं उघडं! मी कपाटांना काचा लावल्या असत्या ना, तर बायकांनी मला लाटण्यानं बडवलं असतं. आतला पसारा झाकायला तर कपाट घेतात माणसं.

सून : पण मला ती देखणीच हवीय. बाहेरच्या खोलीत, माझ्या टेबलावर राहणार. लोक माझ्याकडे घराचे नकाशे काढून घ्यायला येतात. समोर डबडं दिसलं तर म्हणतील, हिला स्वतःचं टेबल सजवता येत नाही, आमचं घर काय आखणार!

सासरे : मग घे ती कोपऱ्यातली. बारा हजारांची.

सून : आतलं सगळं सामान घेऊन झालंय, घरी चपलांच्या खोक्यात पडलंय. पेटीसाठी तीन हजार उरलेत. त्यात देखणीही हवी नि दणकटही.

सासरे : तीन हजारांत! अगं, मुलासाठी स्थळं बघताना तुझ्या सासूच्यासुद्धा इतक्या अटी नव्हत्या.

सून : म्हणून तर तुम्हाला मी मिळाले.

दुकानदार : ताई, मग ती परवा बाजूला ठेवायला सांगितलेली काढू का?

सून : कुठली हो?

दुकानदार : असं काय करता? काच फुटलेली! पुढून लाकडी पट्ट्यांची. तुम्ही म्हणालात ना, सासऱ्यांना घेऊन येते…

सासरे : परवा? म्हणजे पेटी परवाच ठरली? मग सकाळपासून मला आठ डबे बडवायला का लावलेस?

सून : तुम्हाला आवडतं म्हणून.

दुकानदार : ही घ्या. काच वाटेत फुटली, आणि या मापाची नवी मिळत नाही. म्हणून अडीच हजारांत. एरवी सहाची आहे, काका.

सासरे : बघू… अरे वा! हा पत्रा म्हणायचा. आणि ही घडी बघ, सूनबाई, कशी काटकोनात बसलीय. कुणीतरी मन लावून वाकवलाय. पण ही बाजू उघडीच की! इथे काय, पडदा लावणार?

सून : पत्र्याची बाजू बसवणार. तुमच्या कपाटांच्या दारांवर ती पानांची जाळी असायची ना, तशी जाळी कापलेली. हवाही खेळेल, नि दिसेलही झकास.

सासरे : अस्सं! कारस्थान आहे तर. आणि ती बनवणार कोण?

सून : बघू, कुणी मिळतंय का.

सासरे : माझा गाळा बंद आहे. आठ महिने झाले.

सून : ठाऊक आहे. किल्ली माझ्या हातात देऊन मोकळे झालात. आणि रोज सकाळी फिरायला म्हणून जाता, कुलूप ओढून बघता नि परत येता.

सासरे : चाळीस वर्षांत माझं एक कपाट परत आलं नव्हतं. ते आलं. दार लागेना. हमालांच्या देखत कपाट घेणारी बाई म्हणाली, "आता तुमचे हात थकले."

सून : हात कुठले थकलेत? या बिचाऱ्या पेट्यांना विचारा! माप चुकलं, बाबा. अर्ध्या इंचानं. चष्मा न लावता मोजलंत म्हणून.

सासरे : चष्म्याचं नाव काढू नकोस. तेही चारचौघांत!

दुकानदार : मी काही ऐकत नाहीये, काका.

सासरे : आणि हीसुद्धा चुकली तर? तुझ्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर माझी शोभा?

सून : चुकली तर परत आणून देईन, तुम्ही दुसरी करा. गाळा काही परगावी नाही. बाबा, आज आठ महिन्यांनी तुम्ही पत्र्याला हात लावलात. घरात नुसते भिंतीकडे बघत बसता, ते मला बघवत नाही हो.

(सासरे पेटीच्या उघड्या बाजूच्या कडेवरून अंगठा फिरवतात.)

सून : बाबा?

सासरे : टेप आहे का हो तुमच्याकडे?

दुकानदार : आहे की! हा घ्या.

सासरे : उंची… चाळीस… नाही, शेहेचाळीस… तुमच्या दुकानात उजेड फार कमी आहे बुवा.

दुकानदार : डोक्यावर चार ट्यूब आहेत, काका.

सासरे : सूनबाई, तुझ्या पर्समध्ये माझा चष्मा असेल.

सून : आहे. गाळ्याची किल्लीही आहे.

सासरे : आधी चष्मा दे. आणि हसू नकोस. हं. लिही. उंची त्रेचाळीस सेंटीमीटर, वर दोन मिलिमीटर.

सून : लिहिलं.

सासरे : थांब. पुन्हा एकदा मोजतो.