तारामाईचा सहावा हात

मंडळी, पुढे सरका! भिंतीला टेकलेल्यांनाही मोक्ष आहे, पण जरा उशिरा! आज सवाल एकच: घराच्या राखणदारालाच घरचं लेकरू भ्यायला लागलं, तर राखण झाली कुणाची? उत्तर देऊ नका, शेजारी मंडळी बसलीये!

तर ऐका. फार जुना काळ. सह्याद्रीच्या एका घाटात भिक्षुणींसाठी लेणं कोरणं चाललेलं. दाराशी देवी घडवत होता धमिल पाथरवट. देवी कोण? बौद्धांची तारामाई! संकटातून तारते ती तारा. एरवी शांत, हाती कमळ. पण या घाटात वाघ, साप, लुटारू! म्हणून इथे तिचं उग्र रूप हवं. कपाळी तिसरा डोळा, ज्वाळांसारखे केस, गळ्यात मुंडमाळ, हात सहा!

दानशूर व्यापारी दर पंधरवड्याला यायचे. एक म्हणे, "खड्ग हवं!" दुसरा म्हणे, "त्रिशूळ!" तिसरा म्हणे, "परशूशिवाय कसली देवी?" — समित्या तेव्हाही होत्या, मंडळी! धमिल भला माणूस. 'नाही' म्हणणं त्याला जमेना. सहाही हात भरले. सुळे तर असे उतरले, की मूर्तीकडे पाठ करून जेवायची त्यालाच भीती!

पौर्णिमेला प्रतिष्ठा. दोन दिवस आधी त्याची आईवेगळी पोर, सहा वर्षांची सामा, आत्याबरोबर वर आली. घाटातल्या वाघाला ती फार भ्यायची. बापाने कबूल केलं होतं, "माई पुरी होऊ दे, मग भ्यायचं नाही." पोरीने माई पाहिली — आणि धूम ठोकली! कुठे? थेट रानाकडे!

वाटेत थेरी पदुमाने तिला धरलं. थेरी म्हणजे भिक्षुणींमधली वडीलधारी. दात दोनच, पण प्रश्न चावरे!

"सोडा मला!" सामा रडायला लागली. "मला वाघ चालेल, ही नको!"

मागोमाग धमिल धापा टाकत आला. "थेरी, हिच्यासाठीच घडवली हो!"

थेरीने लेण्याच्या दाराशी येऊन मूर्ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "सुळे झकास. मी लुटारू असते, तर इथूनच परत फिरले असते. पण धमिला, भ्यालेल्या लेकराने धरायचा हात कुठला?"

धमिलने पाहिलं. खड्ग, त्रिशूळ, सुरी, पाश, अंकुश, परशू. एकही हात रिकामा नाही!

"मग तोंड गोड करू?"

"छे! तो राग लुटारूंसाठी आहे, राहू दे. हात मोकळा कर."

"दगडाला नवा हात कुठून जोडू?"

"जोड कोण म्हणतंय? तुझ्या धंद्यात काढल्यावरच मिळतं ना?"

ठाक, ठाक, ठाक! परशू गेला. मग मूठ तासली, आणि त्या मुठीतूनच उघडा तळवा निघाला. खाली झुकलेला, देणारा. हाच वरदहस्त!

पौर्णिमेला व्यापारी गरजला, "माझा परशू कुठाय?"

"काढला," धमिल म्हणाला. जन्मातलं पहिलं 'नाही'!

तेवढ्यात सामा पुढे आली, डोळे गच्च मिटून, बापाचं धोतर धरून. चाचपडत तिने तळव्यात हात ठेवला. मग एक डोळा उघडला.

"बाबा, माई कुणावर रागावलीये?"

"तुला भिववणाऱ्यावर."

पोर गर्रकन वळली, आणि रानाकडे बघून तिने आपले दात दाखवले! पुढचे दोन पडलेले, पण दाखवले!

मंडळी, राग सोडा असं मी म्हणत नाही. उद्या सकाळी नळावर गाठ आहेच! पण घरी गेल्यावर आपले हात मोजा. पोरांनी धरावा असा एखादा मोकळा आहे का?

— अहो तुम्ही, तिसऱ्या रांगेतले! आधी तो मोबाईल खाली ठेवा, मग मोजा!