खालच्या खाचेतलं कार्ड

आमी मूळचे खानापूरकडचे, सुतार. तुझा आज्जा, म्हंजे माझा बा, सागवानाच्या फळीवर नुसता हात फिरवून सांगायचा, ही पावसात फुगणार म्हणून. मी दहावीला नापास झालो आणि बेळगावला फौंड्रीत लागलो, लाकडाचे प्याटर्न करायला. प्याटर्न म्हंजे जो भाग लोखंडाचा वतायचाय त्याचा लाकडी जुळा, तो वाळूत दाबायचा आणि उमटलेल्या जागेत रस वतायचा. बोटांचं एवढं हळू का विचारतीस गं, काकाला लाजायचं काय.

बोटं पट्टी करवतीत गेली, उजव्या हाताची दोन. माझीच नजर हलली. मालक म्हणाले आता करवतीपाशी जायचं न्हाय, आणि ड्रॉइंगच्या खोलीत बसवराज अण्णा होते, बैलहोंगलाकडचे, त्यांच्या हाताखाली बसवलं. काय सांगू तुला, त्यांचं मराठी मोडकं, माझं कानडी मोडकं, पण त्यांनी मला तीन बोटांनी माऊस धरायला शिकवलं, आणि वर्षभरात मी प्याटर्न कंप्युटरवर काढाय लागलो. देवमाणूस, हे लिहून ठेव.

कंप्युटर एकच, जुना, पेटीसारखा जड, लिनक्सवर चालणारा. आमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालायचं, नव्यावर चढतच न्हवतं. आता आमच्यात खंडेनवमीला हत्यार नुसतं पुसत न्हाईत, खोलून पुसतात. रंधा खोलायचा, पातं काढायचं, तेल लावायचं, परत बसवून पूजेला मांडायचं. बा तसंच करायचा. मग कंप्युटर हे माझं हत्यारच की. अण्णा दसऱ्याला गावी गेलते. मी पेटी खोलली, स्क्रीनवर चित्र पाठवायचं कार्ड असतं ते काढलं, मऊ ब्रशनं झाडलं, परत बसवलं. कार्डाला खाचा दोन, दिसायला सारख्या. आधी वरच्या खाचेत होतं, मी खालच्या खाचेत बसवलं. वरनं झेंडूचा हार घातला.

दसरा झाला, मशीन लावलं, तर अक्षरं सरसर वर गेली आणि स्क्रीन काळी. कोपऱ्यात एक बारकी रेघ लुकलुकत होती, बास. मोल्डिंगचा दत्तू म्हणाला, कुंकू लई लावलंस रं, आता हळद पण लाव, उठंल. मालक हसले न्हाईत. म्हणाले मारुती, हे गेलं, ड्रॉइंग आता बाहेरनं करून घेऊ. ड्रॉइंग बाहेर गेलं तर ह्या हाताला त्या कारखान्यात जागाच न्हवती.

अण्णांना फोन लावला. ते म्हणाले सत्तिल्ल मारुती, सत्तिल्ल, म्हंजे मेलं न्हाय. मशीन जागं आहे, चित्र दाखवणारा प्रोग्राम तेवढा उठंना झालाय. तीन बटणं एकदम दाबायला लावली, मला दोन हात लागले, आणि काळ्या स्क्रीनवर अक्षरं आली. म्हणाले तो प्रोग्राम रोज आपली वही लिहितो, त्यात ज्या ओळीपुढं इंग्रजीत दोन ई आहेत, म्हंजे चुकीच्या ओळी, तेवढ्या वाच. मी एकेक अक्षर वाचलं. कार्ड सापडत न्हाय, स्क्रीन सापडत न्हाय, असं लिहिलेलं. अण्णांनी विचारलं, खंडेनवमीला काय केलास?

खोटं सांगितलं असतं तर कुणाला कळलं असतं, तूच सांग. मालक मागं उभे. पण वही खरं लिहिते आणि मी खोटं बोलू, हे काय बरं वाटंना. म्हणालो अण्णा, मी कार्ड काढलतो, खालच्या खाचेत बसलंय बहुतेक.

ते हसले गं, पोट धरून हसले. म्हणाले अरे, त्या प्रोग्रामच्या फाईलमध्ये वरच्या खाचेचा नंबर लिहून ठेवलाय, प्रोग्राम तिथंच हाका मारतोय. मी म्हणालो काढून वर बसवतो. नको, म्हणाले, बसवशील आणि जन्मभर पेटी खोलायला भिशील, नंबर बदल. आधी जुन्या फाईलची नक्कल करून घेतली, मग एकाच्या जागी दोन लिहायला लावलं. आणि म्हणाले वर एक ओळ लिही, तिच्या सुरवातीला चौकटीची खूण, हॅश म्हणतात ती, टाक, म्हंजे ती ओळ मशीन वाचत न्हाय, मागनं येणारा माणूस वाचतो. मी इंग्रजी अक्षरात लिहिलं, खंडेनवमीला कार्ड खाली बसवलं, मारुती सुतार.

मशीन परत लावलं आणि आमचं निळं ड्रॉइंग समोर आलं. मालक एवढंच म्हणाले, पुढच्या वर्षी हार बाहेरनं घाल.

अण्णा आता रिटायर होऊन गावी असतात. दसऱ्याला मी सोनं द्यायला जातो, ते दारातच विचारतात, कार्ड कुठं आहे? मी म्हणतो खालीच आहे अण्णा. ते मशीन अजून मीच बघतो, दुसऱ्या कुणाच्या कंप्युटरची स्क्रीन काळी झाली तरी मला बोलावतात, आणि मी आधी विचारतो, काय केलास, खरं सांग, मी रागवत न्हाय.

आमच्या घरातनं कॉलेजला गेलेली तू पहिली. सुखी राहा, लई शीक. आणि हे लिहिशील त्यात माझी चूक झाकू नको, मारुती सुतारानंच केली म्हणून लिही. मागनं येणारा वाचंल.