सुमनबाईच्या कानातलं झुरळ

झुरळावरून मला चिडवता ना? मग आरमोरीचं ऐकाच. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात इंटर्न डॉक्टर होते. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे सर, मीटिंगला गेलेले, आणि सुमनबाई नावाची एक पेशंट कान दाबून ओरडतच आली. मागे तिचा नवरा. टॉर्चने कानात पाहिलं तर आत झुरळाचं पिल्लू, चक्क पाय हलवत होतं! मी चिमटा उचलला, पण जागची हलले नाही.

"डॉक्टरीणबाई, नुसतं पाहून काऊन राह्यल्या?" नवरा म्हणाला. "चिमटा हाये ना हातात, ओढा!"

पण सरांनी बजावलेलं होतं, जिवंत किडा ओढायला गेलात तर तो आणखी आत घुसतो. कानाचा पडदा फाटला तर बाईचा कान जायचा. म्हणून आधी किडा मारायचा. मी चिमटा खाली ठेवला.

"याआधी कान कधी वाहिला होता का?"

"नाई वं बाई! मरून राह्यली मी!"

"आधी किड्याला मरू द्या."

कान कधी वाहिला नव्हता, म्हणजे पडद्याला भोक नसणार, तेल चालेल. तिला कुशीवर झोपवून मी कानात कोमट तेल सोडलं.

"तेल तं आमच्या घरीबी होतं," नवरा कुरकुरला.

वळवळ थांबली. मग मी चिमट्याने हळूच ओढलं आणि झुरळ अख्खं बाहेर आलं. मी जी किंचाळले, ती चिमटा फेकून थेट स्टुलावर!

सुमनबाई तेल पुसत उठून बसली.

"हळू बोंबला ना, बाई. आता सारं ऐकू येऊन राह्यलं मले."