नरसिंहाची मान

चहा घ्या, सांगतो. इंग्रजांच्या वेळची गोष्ट. आमच्या रनाळ्यात देवांची सोंगं नाचवायचा भोवाडा व्हायचा. नरसिंहाचा मुखवटा एकच होता, घालणारे बदलत जायचे. माझा थोरला भाऊ दगा तो घालायचा. दगा तापाने गेला, आणि त्या वर्षी मुखवटा माझ्या तोंडावर आला. तो चढला की आतल्या माणसाचं नाव कुणी घ्यायचं नाही, तो देवच. मुखवटा बांधणारे गावातले म्हातारे आबा म्हणाले, "तोंड उघडू नको. बोलना का देव पळी जाई!"

सकाळी मी दारोदार नाचत आमच्या दारात आलो. माय आरती घेऊन उभी होती. दगा गेल्यापासून ती धड जेवत नव्हती. तिने ओवाळलं, माझ्या पाया पडली आणि हळूच विचारलं, "देवा, मन्हा दगा तुन्हाकडे शे. पोटभर जेवस का तो?"

बोलायची सोय नव्हती. मी मान हलवली.

मुखवटा उतरवून घरी आलो, तर माय चुलीपाशी बसलेली. म्हणाली, "भाऊ, देवनी मान हालाई. आते माले बी वाढ."

पुढे मुखवटा दुसऱ्यांकडे गेला. माय दरवर्षी तेच विचारायची, आणि आत जो असेल तो मान हलवायचा. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

माय गेली त्या वर्षी आरती माझ्या हातात होती. ओवाळलं, पाया पडलो. देव जरा थांबला, आणि मी काही विचारायच्या आतच त्याने मान हलवली.