कुपवाडच्या पुढं

हरणाबाईंचा डोळा लागतोय न लागतोय, तोवर मागच्या सीटवरची नवराबायको पुन्हा सुरू. झोपल्या माणसाच्या कानाशी बोलू नये, एवढीही रीत नव्हती त्यांना. सातारा मागं टाकून एसटी डुलत डुलत सांगलीकडं निघाली होती.

“आवं, लोकं आपल्या साईटवर घोंगडं निवडत्यात, पैसं भरायपतोर जात्यात आन् तिथनंच माघारी फिरत्यात.”

“मला तर डिलिव्हरी चार्ज नीट दिसतोय,” नवरा म्हणाला.

“एक तरी घोंगडं खपवा. न्हाईतर सोमवारपास्नं मी परत कारखान्यात.”

अर्धवट झोपेत हरणाबाईंना घोंगडी दिसली. काळ्या ढगांसारखी तरंगत होती, दारादारात थबकून माघारी वळत होती.

“पत्ता कुठला घालून बघता?”

“आपलाच की. कुपवाडचा.”

“दुसरा घाला.”

“कुठला?”

“औंध घाल,” हरणाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

मागं नवऱ्याची बोटं मोबाईलवर टकटकली.

“पल्लवी, चार्जाची जागा कोरीच हाय गं. फुडचं बटण दबंना. दर मी कुपवाडचाच भरलाय, बाकी गावं राहूनच गेली.”

हरणाबाईंनी डोळे उघडले, मान मागं वळवली.

“लेका, आपल्याच उंबऱ्यावर बसून वाट मोजलीस. दुनियेच्या दारात घोंगडं पोचंल कसं?”